‘फायर कम्पॅटिबल’ एवढ्या शब्दावर करारावर सही करू नये

तालुक्याच्या ठिकाणी ५० खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या एका डॉक्टरांचा हा प्रश्न आहे. त्यांच्याकडे केस पेपर आणि बिलिंगचे सॉफ्टवेअर एका कंपनीचे आहे, लॅबचे दुसऱ्या कंपनीचे, आणि एक्स-रे व सोनोग्राफीच्या प्रतिमा तिसऱ्याच संगणकावर साठतात. नवे सॉफ्टवेअर विकायला आलेला प्रतिनिधी सांगतो, की त्यांची प्रणाली ‘फायर कम्पॅटिबल’ आणि ‘एबीडीएम रेडी’ आहे, म्हणजे आरोग्याच्या माहितीची देवाणघेवाण करण्याच्या ‘फायर’ या मानकाला आणि आयुष्मान भारत डिजिटल मिशनला जुळणारी आहे, त्यामुळे पुढे काळजीचे कारण नाही. ती घेतल्यावर सगळ्या यंत्रणा एकमेकींशी खरोखर जोडल्या जातील का, आणि सही करण्यापूर्वी काय तपासावे, असे डॉक्टरांनी विचारले आहे.

डॉक्टर, थोडक्यात उत्तर ‘आपोआप नाही’ असे आहे. प्रतिनिधी खोटे बोलत असेल असे मी म्हणत नाही. त्याचे वाक्य बहुधा खरे असते, पण ते निरोप पोहोचवण्याबद्दल असते, तर तुम्हाला हवी आहे ती निरोप समजण्याची खात्री. लॅब आणि रुग्णालयांची सॉफ्टवेअरे जोडण्याचे काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करत आहे. या काळात केबल, नेटवर्क किंवा संदेशाची रचना यांमुळे काम अडले, तर ते दोन-चार दिवसांत सुटले. अडचण महिनोन् महिने रेंगाळली ती मात्र प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी: पाठवणाऱ्याला जे म्हणायचे होते ते घेणाऱ्याने वेगळे वाचले, आणि दोन्हीकडच्या पडद्यांवर चुकीची एकही खूण दिसली नाही.

एक प्रसंग सांगतो. पावसाळ्याचे दिवस होते आणि डेंग्यूचे रुग्ण वाढले होते. एका रुग्णालयात लॅबच्या सॉफ्टवेअरमधून वॉर्डच्या सॉफ्टवेअरकडे निकाल जाण्याची सोय आम्ही नुकतीच सुरू केली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे फोन आला, की एका तरुण रुग्णाच्या प्लेटलेट अत्यंत कमी असल्याचा लाल इशारा पडद्यावर आला आहे आणि रक्तपेढीला निरोपही गेला आहे. रुग्ण मात्र उठून चहा पीत होता. लॅबचा छापील रिपोर्ट मागवला तेव्हा त्यावर १.४ लाख प्रति क्युबिक मिलिमीटर असा आकडा होता, म्हणजे थोडासा कमी, पण रक्तपेढीला उठवण्याइतका मुळीच नाही. आपल्याकडच्या लॅबमध्ये प्लेटलेट लाखांत लिहिण्याची पद्धत आहे. वॉर्डचे सॉफ्टवेअर हजारांच्या हिशेबाने बांधलेले होते, त्याला १४० हा आकडा अपेक्षित होता. त्याने १.४ म्हणजे १,४०० असे वाचले आणि आपले काम चोख केले.

या चुकीचे मूळ आम्ही संदेशात शोधले. एचएल७ या संस्थेच्या आरोग्य-संदेशांच्या मानकाच्या दुसऱ्या आवृत्तीतला संदेश म्हणजे उभ्या रेघांनी पाडलेल्या रकान्यांच्या ओळी असतात. निकालाच्या ओळीला ओबीएक्स म्हणतात. तिच्या तिसऱ्या रकान्यात तपासणीचा कोड असतो, पाचव्यात आकडा, सहाव्यात एकक, सातव्यात सामान्य मर्यादा आणि आठव्यात निकाल असामान्य असल्यास त्याची खूण. त्या ओळीत पाचव्या रकान्यात १.४ होते आणि सहावा रकाना रिकामा होता. ‘लाख’ हा शब्द लॅबच्या डेटाबेसमध्ये कुठेच नव्हता. तो रिपोर्टच्या छापील नमुन्यात कोणीतरी कायमचा टाइप करून ठेवलेला होता. कागद वाचणाऱ्या माणसासाठी तो रिपोर्ट परिपूर्ण होता, यंत्रासाठी मात्र अर्धाच होता. संदेश मानकाच्या रचनेप्रमाणे शंभर टक्के बरोबर होता, हे मुद्दाम नोंदवतो.

म्हणून पहिली तपासणी एककांची करावी. एकके यंत्राला कळतील अशा एकाच पद्धतीने लिहिण्यासाठी यूसीयूएम नावाची यादी आहे आणि एफएचआयआर, ज्याचा उच्चार सगळे ‘फायर’ करतात, तिचाच वापर सुचवते. ‘लाख’ हा शब्द त्या यादीत नाही, त्यामुळे प्लेटलेट हजार प्रति मायक्रोलिटर या एककात पाठवाव्यात. एक क्युबिक मिलिमीटर म्हणजे एक मायक्रोलिटरच, तेव्हा रूपांतर सोपे आहे. डॉक्टरांना पडद्यावर लाखांतच बघायचे असेल तर जरूर दाखवावे, पण ते दाखवण्याचे काम शेवटच्या पडद्याचे आहे, संदेशाचे नाही. हीच काळजी हृदयविकारासाठीच्या ट्रोपोनिन तपासणीला घ्यावी लागते, कारण जुन्या आणि नव्या किटच्या एककांत हजारपटीचा फरक असू शकतो. रक्ताच्या गुठळ्यांसाठीच्या डी-डायमर तपासणीचे तर दोन वेगवेगळे मोजमाप-प्रकार प्रचारात आहेत आणि एकाचा आकडा दुसऱ्याच्या सुमारे दुप्पट येतो.

दुसरी तपासणी नावांची, आणि तिथे खरे काम आहे. आपल्या भागात रक्तातील साखरेला सर्रास ‘बीएसएल’ म्हणतात. तुमच्याच रुग्णालयातल्या लॅबच्या यादीत ‘बीएसएल एफ’, ‘बीएसएल पीपी’, ‘बीएसएल आर’, कदाचित ‘एफबीएस’ आणि कोणीतरी घाईत भरलेले ‘शुगर’ अशी पाच नावे सापडतील. वॉर्डमधली सिस्टर ग्लुकोमीटरवर बोटातून थेंब घेऊन जे मोजते, तेही केस पेपरवर ‘बीएसएल’ म्हणूनच लिहिले जाते. माणसाला संदर्भावरून कळते. मधुमेहाच्या रुग्णाचा दोन वर्षांचा आलेख काढायला सांगितलेल्या सॉफ्टवेअरला मात्र कळत नाही, आणि ते उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर आणि ग्लुकोमीटरची साखर एकाच रेषेत ओवते.

यासाठी लॉइंक नावाची कोडसूची आहे. अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या रेगेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने १९९४ मध्ये हे काम सुरू केले आणि ती नोंदणी करून विनामूल्य वापरता येते. लॉइंकमध्ये प्रत्येक तपासणीची ओळख सहा अंगांनी ठरते: काय मोजले, कोणत्या स्वरूपात मोजले, कोणत्या वेळेचे किंवा कालावधीचे, कशात मोजले, मोजपट्टी कोणती आणि पद्धत कोणती. त्यामुळे रक्तद्रवातल्या नुसत्या साखरेला २३४५-७, उपाशीपोटीच्या साखरेला १५५८-६, जेवणानंतर दोन तासांच्या साखरेला १५२१-४ आणि ग्लुकोमीटरवर बोटातल्या रक्तात मोजलेल्या साखरेला ४१६५३-७ असे वेगळे कोड आहेत. शेवटचा अंक तपासणी-अंक असतो, म्हणजे टाइप करताना एक आकडा चुकला तर सॉफ्टवेअरला ते ओळखता येते. हे ओळखणारे सॉफ्टवेअर मी फार थोडे पाहिले, ही गोष्ट वेगळी.

तुमच्या लॅबच्या यादीतल्या नावांना हे कोड लावणे, ज्याला आम्ही मॅपिंग म्हणतो, ते कोणतीही कंपनी तुमच्यासाठी पूर्णपणे करू शकत नाही. कंपनी तयार यादी देते, पण ‘बीएसएल आर’ म्हणजे तुमच्या लॅबमध्ये रक्तद्रव वापरतात की पूर्ण रक्त, हे तिला माहीत नसते. ते तुमच्या टेक्निशियनला माहीत असते. म्हणून हे काम संगणक विभागाकडे सोपवू नये. पॅथॉलॉजिस्ट आणि सर्वांत जुना टेक्निशियन यांनी किटच्या डब्यातली माहितीपत्रिका समोर ठेवून बसावे आणि संगणकाच्या माणसाने फक्त लिहून घ्यावे. सगळी यादी एकदम घेऊ नये. गेल्या तीन महिन्यांत कोणत्या तपासण्या किती वेळा झाल्या याचा तक्ता काढला, तर बहुतांश काम पहिल्या चाळीस-पन्नास तपासण्यांतच असते असे दिसेल. सीबीसीसारख्या गटाला एक कोड देऊन थांबू नये, त्यातल्या हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटसारख्या प्रत्येक घटकाला स्वतःचा कोड द्यावा. तीन-चार दुपारी गेल्या तरी त्या वाया जात नाहीत, कारण उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी हा तक्ता तुमचाच राहतो. किट बदलले की मात्र तो पुन्हा उघडावा लागतो.

आता ‘फायर’बद्दल. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहॅम ग्रीव्ह यांनी २०११ च्या सुमारास त्याची पहिली मांडणी केली आणि ते एचएल७ या संस्थेचेच मानक आहे. वेबवरची सॉफ्टवेअरे ज्या रीतीने एकमेकांशी बोलतात, त्याच रीतीने आरोग्याची माहिती लहान, स्वतंत्र तुकड्यांत द्यावी, ही त्यामागची कल्पना आहे. रुग्ण हा एक तुकडा, निकाल हा दुसरा, औषधाची चिठ्ठी हा तिसरा. कल्पना चांगली आहे आणि मी ती मनापासून वापरतो. पण हे मानक मुद्दाम सैल ठेवलेले आहे. निकालाच्या तुकड्यात आकडा आणि एकक वेगवेगळे भरता येतात, तसेच ‘११२ मिग्रॅ’ असा सरसकट मजकूरही भरता येतो. रिपोर्टच्या तुकड्यात सुटे निकाल जोडता येतात, तशीच रिपोर्टची पीडीएफ फाइलही चिकटवता येते. चारही प्रकार ‘फायर कम्पॅटिबल’ ठरतात. पीडीएफ पाठवणे निरुपयोगी नाही. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना रुग्णाचा कागद दिसणे हेही कालपर्यंत होत नव्हते. परंतु पीडीएफमधून आलेख निघत नाही, औषधाची ॲलर्जी असल्याचा इशारा उठत नाही आणि विम्याच्या दाव्यात आकडा आपोआप भरला जात नाही. नव्या लखोट्यात जुनाच कागद घातलेला असतो.

म्हणून डेमोच्या दिवशी कंपनीचा नमुना रुग्ण बघू नये. आपल्या लॅबचे तीन खरे रिपोर्ट, नावे झाकून, सोबत न्यावेत: एक सीबीसी, एक जेवणाआधीची व नंतरची साखर, आणि एक कल्चरचा रिपोर्ट. ते भरायला सांगावेत आणि मग पडद्यावरचा सुंदर तक्ता नव्हे, तर बाहेर जाणारा कच्चा संदेश उघडून दाखवायला सांगावा. त्यात तपासणीच्या कोडाशेजारी कोणत्या सूचीचा कोड आहे हे लिहिले आहे का, आकडा आकड्याच्या जागी आणि एकक एककाच्या जागी आहे का, सामान्य मर्यादा सोबत गेली आहे का, एवढेच पाहावे. कल्चरचा रिपोर्ट मी हट्टाने नेतो, कारण त्यात एका जंतूखाली दहा-बारा औषधांची संवेदनशीलता असते, आणि बहुतेक सॉफ्टवेअरे तिथे हात टेकून सगळा मजकूर एका लांब परिच्छेदात कोंबतात. प्रतिनिधी म्हणाला, की हे तांत्रिक आहे आणि ते आमची टीम नंतर दाखवेल, तर सहीही नंतर करावी.

तिसरी बाब रुग्णाच्या ओळखीची. दोन सॉफ्टवेअरांनी एकच माणूस ओळखावा यासाठी नाव, जन्मतारीख, लिंग आणि मोबाइल क्रमांक जुळवून पाहण्याची पद्धत जगभर आहे. महाराष्ट्रात ती लंगडते, आणि याचे कारण परदेशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला कधीच सुचणार नाही. आपल्याकडच्या एका मोठ्या पिढीची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच लिहिली. एकाच गावातल्या एकाच आडनावाच्या पाच माणसांची जन्मतारीख एक असू शकते. त्यात कमल आणि कमलाबाई एकच बाई असते, लग्नानंतर मधले नाव व आडनाव बदललेले असते, कोणी आडनाव आधी सांगते, आणि रिसेप्शनवरचा मुलगा ‘सौ.’ हे नावाच्याच रकान्यात लिहून मोकळा होतो. मोबाइल क्रमांक तर घरात मिळून एकच असतो.

यावर उपाय म्हणून १४ अंकी आभा क्रमांक, म्हणजे आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा क्रमांक, आहे आणि तो नोंदणीच्या वेळीच घ्यावा. पण आभा क्रमांक काढून घेणे म्हणजे ओळखीचा प्रश्न सुटणे नव्हे. एकाच माणसाचे दोन केस पेपर तुमच्याच प्रणालीत असतील, तर नवी नोंद त्यांपैकी एकालाच चिकटते आणि दुसरा अनाथ राहतो. तेव्हा नव्या सॉफ्टवेअरमध्ये दुहेरी नोंदी शोधून एकत्र करण्याची सोय आहे का, आणि चुकून एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा वेगळ्या करता येतात का, हे दोन्ही विचारावे. दुसऱ्या प्रश्नावर बरेच प्रतिनिधी गप्प होतात. जुनी नावे श्रीलिपी किंवा तत्सम युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये भरलेली असतील, तर ती आणताना यंत्राला निरर्थक अक्षरे दिसतील. त्यांचे रूपांतर कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार, हे करारात लिहून घ्यावे.

एक्स-रे आणि सोनोग्राफीच्या बाबतीत परिस्थिती तुलनेने चांगली आहे. डायकॉम हे वैद्यकीय प्रतिमांचे मानक या नावाने १९९३ पासून आहे आणि बहुतेक यंत्रे ते पाळतात. तिथे गोंधळ होतो तो एक्स-रेच्या यंत्रापाशी टेक्निशियन रुग्णाचे नाव हाताने पुन्हा टाइप करतो म्हणून. डायकॉममध्येच ‘वर्कलिस्ट’ नावाची सोय आहे, जिच्यामुळे नोंदणीतले नाव आणि क्रमांक थेट यंत्राच्या पडद्यावर येतात आणि टेक्निशियन फक्त निवडतो. पुष्कळ ठिकाणी ती वेगळ्या परवान्याचे पैसे वाचवण्यासाठी घेतलेली नसते. ती घ्यावी.

निदानांच्या कोडबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे, ते मत म्हणूनच घ्यावे. आयसीडी ही आजारांची मोजणी करण्यासाठीची वर्गवारी आहे. आकडेवारी आणि विमा यांसाठी ती लागते, आणि तिची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून जागतिक स्तरावर लागू झाली असली, तरी आपल्याकडच्या बहुतेक कागदपत्रांत अजून दहावीच दिसते. स्नोमेड सीटी ही डॉक्टर जे बोलतो ते नेमकेपणाने टिपणारी संज्ञासूची आहे. भारत २०१४ मध्ये तिचा सदस्य झाला, त्यामुळे भारतात वापरण्यासाठी तिला शुल्क नाही, आणि तिचे काम पुण्याच्या सी-डॅकमधील एनआरसीईएस हे केंद्र पाहते. एबीडीएमसाठी लागणारे फायरचे भारतीय नमुनेही तेच केंद्र प्रसिद्ध करते. ओपीडीत शंभर रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांना प्रत्येक तक्रारीला कोड निवडायला लावले, तर आठवड्याभरात यादीतला पहिलाच कोड सगळ्यांना लागलेला दिसतो. चुकीचा कोड हा कोड नसण्यापेक्षा वाईट असतो, कारण त्यावर कोणीतरी विश्वास ठेवतो. म्हणून सुरुवातीला तीनच गोष्टी कोडमध्ये घ्याव्यात: मधुमेह आणि रक्तदाबासारखे दीर्घकालीन आजार, औषधांची ॲलर्जी, आणि डिस्चार्ज कार्डवरचे मुख्य निदान. बाकीचे मजकुरात राहू द्यावे.

‘एबीडीएम रेडी’ हा शब्दही उकलून घ्यावा. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर २७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झाले. त्यात तुमच्या रुग्णांच्या नोंदी कोणत्याही मध्यवर्ती सरकारी गोदामात जमा होत नाहीत, त्या तुमच्याकडेच राहतात. रुग्णाने आपल्या मोबाइलवर संमती दिली, की दुसऱ्या रुग्णालयाची मागणी गेटवेमार्फत, म्हणजे मिशनच्या मधल्या यंत्रणेमार्फत, तुमच्या प्रणालीकडे येते, आणि तुमची प्रणाली नोंद कुलूपबंद करून, म्हणजे एन्क्रिप्ट करून, पाठवते. सॉफ्टवेअरने हे जमवण्याचे तीन टप्पे आहेत, ज्यांना एम१, एम२ आणि एम३ म्हणतात. पहिल्यात आभा क्रमांक काढणे आणि पडताळणे येते, दुसऱ्यात तुमच्या नोंदी रुग्णाच्या खात्याला जोडून मागणीनुसार देणे, आणि तिसऱ्यात इतरांकडच्या नोंदी संमतीने मागवून पाहणे. पहिलाच टप्पा पूर्ण झालेल्या प्रणालीलाही विक्रीच्या पत्रकात ‘रेडी’ म्हटलेले मी पाहिले आहे. तिन्ही टप्पे पूर्ण आहेत का, हे तोंडी न विचारता तुमच्यासमोर एका चाचणी खात्यात एक नोंद पाठवून आणि एक मागवून दाखवायला सांगावे. मागवलेली नोंद आल्यावर ती वेगळ्या खिडकीत पीडीएफ म्हणून उघडते, की तुमच्या रुग्णाच्या निकालांच्या तक्त्यात योग्य ओळीत बसते, हे बघणे विसरू नये.

लॅबच्या यंत्रांविषयी एक गोष्ट राहिली. तुमचे रक्ततपासणीचे ॲनालायझर फायर बोलत नाहीत आणि नजीकच्या काळात बोलणारही नाहीत. त्यांपैकी बरेच अजून एएसटीएम या जुन्या पद्धतीने, कधी सीरियल केबलवरून, बोलतात. त्यामुळे ‘सगळे फायरवर आणा’ असा आग्रह धरू नये. ॲनालायझर ते लॅब ही जोडणी जुनी राहू द्यावी, लॅब ते रुग्णालय ही एचएल७ च्या दुसऱ्या आवृत्तीवर असली तरी चालेल, आणि रुग्णालयाबाहेर जाताना फायर असावे. तिन्ही ठिकाणी कोड आणि एकक मात्र एकच असावे.

करारात आणखी दोन कलमे घालून घ्यावीत. पहिले असे, की करार संपल्यावर सर्व नोंदी, कोड आणि मॅपिंगच्या तक्त्यांसह, वाचता येतील अशा स्वरूपात ठरावीक दिवसांत विनाशुल्क परत मिळतील. एका रुग्णालयाला सॉफ्टवेअर बदलताना अकरा वर्षांच्या नोंदी अशा स्वरूपात मिळाल्या, की तक्त्यांच्या रकान्यांना केवळ क्रमांक होते आणि कोणत्या क्रमांकाचा अर्थ काय हे सांगणारा माणूस कंपनी सोडून गेला होता. शेवटी त्या नोंदी एका जुन्या संगणकावर तशाच ठेवाव्या लागल्या, आणि जुना रुग्ण आला की कोणीतरी त्या खोलीत जाऊन तो संगणक चालू करते. दुसरे कलम लॅबच्या आणि रुग्णालयाच्या सॉफ्टवेअर कंपन्यांमधल्या जोडणीचे. काही बिघडले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून एका कंपनीला लेखी जबाबदार धरावे आणि आलेल्या-गेलेल्या संदेशांची नोंद निदान ९० दिवस जपून ठेवायला सांगावे. प्लेटलेटचा तो १.४ चा आकडा आम्हाला एका तासात सापडला, तो अशीच नोंद ठेवलेली होती म्हणून.